‘एलवाय’ म्हणजे ‘पणे’

मी तापट माणूस. अकोल्याच्या उन्हासारखा, सकाळी नऊलाच चढणारा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कोणावर जायचा नाही.

लहानपणी आम्ही बार्शीटाकळीला राहायचो. तिथल्या मास्तरांनी इंग्रजीचा एक नियम घोटून घेतला होता. शब्दाला ‘एलवाय’ लागला की मराठीत ‘पणे’ लावायचं. स्लो म्हणजे मंद, स्लोली म्हणजे मंदपणे. क्लिअर म्हणजे स्पष्ट, क्लिअरली म्हणजे स्पष्टपणे. सारा वर्ग एका सुरात ओरडायचा. त्या नियमावर मी मॅट्रिक झालो आणि अमरावतीच्या कॉलेजात गेलो.

तिथं इंग्रजीचे प्रोफेसर पुण्याकडचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला निबंध परत लिहून आणायला सांगितला. मी विचारलं, “काहून सर?” आमच्याकडं काहून म्हणजे नुसतं का. त्यांना तो उद्धटपणा वाटला. “आधी विचारायला शीक,” म्हणाले. वर्ग हसला. ते हसू मी चार वर्षं गाठीला बांधून ठेवलं.

बीएस्सी झाल्यावर विलायतेच्या एका विद्यापीठात अर्ज केला. कपाशीवरच्या किडींचा अभ्यास करायचा होता. वडील सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापूस तोलायचे, त्यामुळं बोंडअळीला आमच्या घरात रोज शिव्या पडायच्या. उत्तर आलं. गुण पसंत आहेत, शिष्यवृत्तीही मिळेल. फक्त परदेशी विद्यार्थ्याला इथली व्याख्यानं समजतील की नाही, हे तुमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी लिहून द्यावं. पाकीट बंद असावं, जोडावर त्यांची सही असावी, आणि ते जून संपायच्या आत पोचावं. वडिलांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

“म्हंजे सारं त्या एका माणसाच्या हातात हाये,” ते म्हणाले.

अमरावतीला गेलो. सरांनी मान वर न करता चार ओळी लिहिल्या, पाकीट चिकटवलं, जोडावर सही केली. “हे तूच पोस्टात टाक,” म्हणाले. हसले नाहीत की चांगलं होवो म्हणाले नाहीत. परतीच्या गाडीत ते पाकीट मी अकोल्यापर्यंत मांडीवर घेऊन बसलो.

अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या खोलीत ते दोन दिवस देवळीत पडून होतं. दिवा लावताना माय त्याच्यापासून हात लांब धरायची. वडील जिनातून आले की पाय धुता धुता विचारायचे, “गेलं का?” मी म्हणायचो, “उद्या टाकतो.” चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी दुपारी चुलीवर वरण उकळत होतं. मी झाकण सरकवलं आणि पाकीट वाफेवर धरलं. माय भाकरी थापता थापता थांबली.

“दुसऱ्याचं बंद पाकीट हाये ते. काहून खोलून राहिला?”

भिंतीवर पाल चुकचुकली. मायनं पिठाच्या बोटानं जमिनीवर टकटक केलं.

वाफेनं सही पसरली. आता हे पाकीट पुन्हा बंद करून उपयोग नाही, हे तेव्हाच कळलं. आत तिसरी ओळ होती, ‘ही विल हार्डली फाइंड एनी डिफिकल्टी.’ हार्ड म्हणजे कठीण. हार्डली म्हणजे कठीणपणे. पुढं डिफिकल्टी, म्हणजे अडचण. बाकीचे शब्द मी पाहिलेच नाहीत. कठीण आणि अडचण एका ओळीत बसले होते, आणि मला तो हसणारा वर्ग ऐकू येत होता.

“पाह्य माय,” मी म्हणालो, “त्या ‘काहून’चा सूड घेतला त्यानं.” आणि पत्र चुलीत घातलं.

“कोणाले तरी वाचून दाखवाचं होतं,” माय एवढंच म्हणाली.

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पुढं बोंडअळीच्या आधी त्या प्रोफेसरला शिव्या पडायला लागल्या.

जून सरला. मी बार्शीटाकळीच्याच शाळेत मास्तर झालो आणि पोरांकडून तोच नियम घोटून घ्यायला लागलो. दुसऱ्या वर्षी एका धड्यात वाक्य आलं, विहिरीत हार्डली पाणी होतं, म्हणून गाव तहानेनं तडफडत होतं. कठीणपणे पाणी? हे काही जमेना. शिक्षकांच्या खोलीतला शब्दकोश काढला. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच.

याला अडचण जवळजवळ येणारच नाही, असं लिहिलं होतं सरांनी. माझी मलाच इतकी चीड आली की तास चुकवून शाळेमागं जाऊन बसलो. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. ते त्या माणसाला शिव्या देतच गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या मोटार स्टँडवर सर दिसले. केस पिकले होते. त्यांनीच ओळखलं.

“तू? विलायतेहून कधी आलास?”

“गेलोच नाही सर.”

मग जपून, दुसऱ्याची वस्तू हाताळावी तसा शब्द उच्चारत त्यांनी विचारलं, “काहून?”

“इंग्रजी कमी पडलं सर.”

“शक्यच नाही,” ते म्हणाले. “मी स्वतः लिहून दिलं होतं.”