पूजेतली सोन्याची नाणी मोडायला काढली तेव्हा

नाशिककरांनो, मला काहीच सुचत नाहीये.

मिस्टरांचं उद्या बायपासचं ऑपरेशन आहे. दर धनत्रयोदशीला बँकेतून घेतलेली सोन्याची नाणी आज मोडायला काढली. बँकेत म्हणाले, आम्ही फक्त विकतो, परत घेत नाही.

तशीच सराफ बाजारात गेले. सराफ म्हणाले, "ताई, सीलबंद पाकीट कुठंय? असं सुटं नाणं वितळवूनच घ्यावं लागतं. घट येईल."

पाकिटं सासूबाईंनीच फोडलेली. प्लॅस्टिकवरून लक्ष्मीला हळदकुंकू कसं लावणार, म्हणायच्या. तेव्हा मलाही पटलं होतं.

दुकानातूनच त्यांना फोन लावला. म्हणाल्या, "पूजेतली लक्ष्मी आगीत घालू नकोस गं. पण माझ्या पोराला वाचव."

दुकानाच्या पायरीवर बसलेय. दोन्ही कसं करू, सांगाल का कोणी?