डाव्या खांद्यावरचा ठिपका

तंजावूरहून तिरुवैयारूला जाणारी बस पाच पूल ओलांडते. मी ते दर वेळी मोजतो, पाचच भरतात. तिसऱ्या पुलानंतर खिडकीतून ओल्या मातीचा वास यायला लागतो आणि डोळे आपोआप जड होतात. झोप नाही आणि जागही नाही अशा त्या गुंगीत पाणी कुठे संपलं आणि भाताचं शेत कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्या दुपारी माझ्या मांडीवर पिशवीत एक लॅपटॉप होता. मावशीचा जुना कॉम्प्युटर बंद करायचा आणि हा तिला द्यायचा, असं ठरवून निघालो होतो.

माझं काम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणं. चित्रं आणि अक्षरं पडद्यावर नेमकी कुठे उमटावीत हे यंत्राला सांगणारा तो प्रोग्राम. तो सी भाषेत असा लिहायचा, की वेगवेगळ्या यंत्रांवर आणि वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तोच कोड चालावा. बावीस वर्षं हेच करतो आहे. नियम एका ओळीचा आहे: यंत्राबद्दल काहीही गृहीत धरू नये. पाळायला कठीण.

त्या आठवड्यात आमच्या गटात एक प्रस्ताव आला होता. एका जुन्या चिपसाठी लिहिलेल्या दोन हजार एकशे चाळीस ओळी काढून टाकाव्यात, वापरणारं कुणी उरलेलं नाही. हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावं. वापरणारं एक माणूस मला ठाऊक होतं. ती माझी सख्खी मावशी. तिच्या एकटीसाठी सगळ्यांनी एवढा कोड सांभाळावा असं म्हणायची मला लाज वाटत होती, आणि नातं लपवून हरकत घेण्याची त्याहून जास्त. म्हणून मी गप्प बसलो होतो.

मावशी गाणं शिकवते. तिच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, फक्त कडेकडेचं दिसतं. सपाट पडद्याचा पांढरा उजेड तिला सोसत नाही. जुन्या, काचेच्या, खोक्याएवढ्या मॉनिटरवर काळ्यावर पिवळी बोटभर अक्षरं केली, की मान जराशी तिरकी करून ती वाचते. आजोबांच्या गाण्याच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. त्यातले पाठ आता तिच्या एकटीच्या डोक्यात आहेत, आणि ते ती तमिळ अक्षरांत, स्वरामागून स्वर, लिहून ठेवत होती. वरच्या सप्तकातल्या स्वरावर ठिपका देतात. बाकीचे तो अक्षराच्या माथ्यावर मधोमध देतात. आजोबा डाव्या खांद्यावर द्यायचे, म्हणून मावशीही तिथेच देते. तिच्यासाठी मीच तशी कळ बसवून दिली होती.

लिहायला लागल्यापासून चार महिने ती फोनवर सांगत होती, "ठिपके गळून पडतात रे."

"डोळे तपासून घे, मावशी," मी म्हणायचो.

तिने पाठवलेली पानं माझ्या पडद्यावर उघडली, तर काही स्वरांवर दोन-दोन ठिपके, म्हणजे त्याच्याही वरचं सप्तक. बायको मागून वाकून पाहत म्हणाली, "या सप्तकात गाणार कोण? डास?" मी हसलो आणि मनात नोंद केली, की मावशीची नजर आणखी उतरली. मग सोमवारी मावशीचा फोन आला. लिहिणं बंद. "चुकीचं मागे ठेवण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं," ती म्हणाली.

दारातच तिने विचारलं, "पूल पाचच होते ना?"

"पाचच."

लॅपटॉप उघडल्याबरोबर तिने तोंड फिरवलं. "ऐयो, हे काय, कॉम्प्युटर आणलास की बसचा दिवा? बंद कर, कण्णा. माझ्याच यंत्रापाशी बस एकदा."

खोली अंधारी होती. मॉनिटर हळूहळू तापला आणि पिवळी अक्षरं वर आली. विहिरीत वाकून पाहिल्यावर तळाशी काही चमकावं तशी. मावशीने एक 'ध' पुसून तिथे 'नी' लिहिला. त्याच क्षणी उजवीकडच्या 'सा'च्या खांद्यावरचा ठिपका गेला.

"पडला?" तिने विचारलं.

"पडला."

"तुला दिसलं?"

"दिसलं."

"डोळे तपासून घे तुझे."

मी कोड उघडला. अक्षर पडद्यावर नेणारं फंक्शन चार-चार बाइटचे घास घेत होतं. आजच्या यंत्रांवर एका पिक्सेलला चार बाइट लागतात, त्यामुळे शेवटचा घास नेमका बसतो. मावशीच्या यंत्रावर रंग दोनशे छप्पन्न आणि पिक्सेलला एकच बाइट. अक्षराची रुंदी चाराने भागली गेली नाही, की शेवटचा घास उजवीकडच्या अक्षराचे एक, दोन किंवा तीन पिक्सेल खाऊन जाई. तिचा ठिपका जेमतेम दोन पिक्सेल रुंद, तोही अक्षराच्या डाव्या कडेला. मधोमध असता तर वाचला असता. फाईलमध्ये तो शाबूत होता, पडद्यावर मात्र नव्हता, म्हणून ती बिचारी पुन्हा देत होती. ती ओळ अकरा वर्षांपूर्वीची होती आणि माझ्याच हातची.

चार ओळी बदलल्या. मग निरनिराळ्या रुंदीची अक्षरं अठ्ठावीस वेळा पुसून पुन्हा लिहिली. अठ्ठावीस वेळा ठिपका जागेवर राहिला.

तिथेच बसून गटाला पत्र लिहिलं. वापरणारी व्यक्ती एक, आणि ती माझी मावशी. तिने चार महिने कळवलेला दोष मी तिच्या डोळ्यांवर ढकलला. दोष सगळ्या चिपसाठी असलेल्या सामाईक कोडमध्ये होता, आणि तो फक्त तिच्या यंत्रावर दिसला. आता काय ते ठरवा. कॉफी संपेपर्यंत उत्तर आलं: ठेवू, पण सांभाळायचं तू.

"म्हणजे माझे डोळे बरे?" मावशीने विचारलं.

"नाही. डोळे आहेत तेवढेच आहेत. ठिपके तेवढे परत आले."

"सरी, बरं," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

दोन-दोन ठिपके दिलेल्या जागा एक्केचाळीस निघाल्या. मी जागा दाखवायचो, ती एक ठिपका पुसायची आणि उरलेल्या ठिपक्याचा स्वर बारीक आवाजात लावून पाहायची. सतराव्या की अठराव्या जागी माझी मोजणी चुकली. मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं, पण तिचा आवाज तिथे नुसता लांबत राहिला होता, आणि मी मोजलं नाही. माझी परतीची चारची बस गेली. शेवटची जागा झाल्यावर तिने नवं पान उघडलं.

"लिहू ना रे?"

"लिही," मी म्हणालो.