अकोल्याची आई

माझा उजवा खुबा बदलायचं ठरलं तेव्हा मुलीनं अकोल्याहून फोन करून सांगितलं होतं, "आई, तू दवाखान्यातून घरी आली की मी येते. मग मले कोणी हालवून दाखवा तिथून." तिनं रजा मंजूर करून घेतली, बॅग भरली. मी मनातल्या मनात तिच्यासाठी खोलीतली दुसरी कॉटसुद्धा लावून टाकली.

ऑपरेशन इथंच अमरावतीत झालं आणि चांगलं झालं. सांध्यातली गादी झिजून हाडावर हाड घासत होतं, ते दुखणं गेलं. त्याच्या जागी नियम आले. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. मुलानं पलंगाच्या पायांखाली विटा लावून तो उंच केला. कमोडवर प्लास्टिकची उंच सीट आणून बसवली. सून मला धरून वॉकरवर उभी करी आणि म्हणे, "आई, खाली नका पाहू. समोर पाहा." माझं लक्ष मात्र फोनकडे. मुलगी कोणत्या गाडीनं निघणार, बडनेऱ्याला उतरणार की थेट अमरावतीला, हेच माझ्या डोक्यात.

ती यायच्या आदल्या दिवशी जावयांचा फोन आला. विहीणबाई सकाळी न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथंच अकोल्यात ऑपरेशन करून खुबा बदलावा लागणार होता.

मग मुलगी बोलली. रडत होती. "आई, मी आता काय करू वं?"

"काय करू म्हणजे? सासूले अशी टाकून येशील का तू? माझ्यापाशी सून आहे, पोरगा आहे. तू तिकडंच राहा."

हे मी इतक्या ठाम आवाजात बोलले, की क्षणभर मलाच माझं कौतुक वाटलं. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडावं म्हटलं, तर त्या कुशीवर वळायलाही बंदी होती. तशीच छताकडे बघत पडून राहिले.

दुसऱ्याच्या सुखाचा हेवा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. मी दुसऱ्या बाईच्या मोडलेल्या हाडाचा हेवा करू लागले.

मुलगी रोज फोन करी. पण फोनवर आता दोन आया होत्या. ती सासूलाही आईच म्हणते, लग्न झालं तेव्हापासून म्हणते, आणि मीच तिला तसं सांगून पाठवलं होतं. इतकी वर्षं कानाला काही खटकलं नाही. आता मात्र ती म्हणे, "आई आत्ताच झोपली, जरा हळू बोलते," आणि मला म्हणावंसं वाटे, मी तर जागी आहे. "आईले आज गोळाभात करून दिला, दोनदा मागून खाल्ला." माझ्या हातचा गोळाभात शिकून गेलेली ही पोरगी. इकडं सुनेनं केलेला गोळाभात समोर होता, चांगलाच झाला होता, तरी मी अर्धा ठेवला. सून म्हणाली, "मीठ कमी पडलं का?" मी म्हटलं, "भूकच नाही."

मग एके दिवशी तिनं व्हिडिओ पाठवला. अकोल्याच्या घराची ओसरी, तिथं विहीणबाई वॉकर घेऊन चालताहेत आणि माझी मुलगी त्यांच्या मागून, कमरेला हात न लावता पण लागलंच तर धरता येईल एवढ्या अंतरावर हात ठेवून चालते आहे. जावई टाळ्या वाजवतात. विहीणबाई शेतात राबलेल्या, काटक. माझ्यानंतर त्यांचं ऑपरेशन झालं आणि चाल बघाल तर माझ्या पुढे. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पण पाहत होते त्यांचे पाय नव्हे, मुलीचे ते दोन हात.

चारेक दिवसांनी मुलगी सांगू लागली, "आईनं आज काठी घेतली हातात, वॉकर सोडला."

मी म्हटलं, "मी तर कधीच सोडला."

असं कसं तोंडातून गेलं, कोण जाणे. फिजिओथेरपीवाल्या बाईनं मला काठीचं नावही काढू दिलं नव्हतं. मुलगी मात्र आनंदानं किंचाळली, "खरंच? मग सांगितलं काहून नाही? थांब, व्हिडिओ लावते. दाखव चालून."

सून दारात कणीस सोलत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग कणीस बाजूला ठेवून ती आली, वॉकर उचलून दारामागं नेला, कपाटाशेजारची यजमानांची जुनी काठी माझ्या हातात दिली आणि फोन स्वतःकडे घेतला.

मी उठले. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. खिडकीपर्यंत जायचं होतं. उजव्या पायावर भार आला तसा तो मांडीपासून थरथरायला लागला. मी हसत होते. फोनमधून मुलीचा आवाज येत होता, "वा! वा वं आई! अन् पाय दिसू दे ना जरा!" सुनेनं मात्र फोन माझ्या चेहऱ्यावरच धरला होता. वर, अजून वर. माझा चेहरा, मागची खिडकी, बाहेरचा कडुलिंब, एवढंच अकोल्याला दिसत असणार.

खिडकीच्या गजाला हात लागला आणि मला कळलं, की आता वळता येणार नाही. पाय जागेवर खिळला होता, अंगाला घाम सुटला होता. सून फोनला म्हणाली, "ताई, आवाज तुटून राहिला तुमचा. मग लावते," आणि फोन पलंगावर टाकून तिनं मला दोन्ही बाजूंनी कवेत घेतलं.

"पडल्या असत्या ना आई! नवीन खुबा निखळला असता तर? काय करून राहिल्या तुमी?"

"तिले कळू दे, की तिच्याशिवाय माझं अडत नाही."

"अन् अडते तर अडते. त्यात काय लाज हाय?"

ती मला पलंगापर्यंत आणताना रागानं धापा टाकत होती. बसवलं, पाणी दिलं. मग पदरानं माझी मान पुसता पुसता तीच एकदम रडायला लागली. मला वाटलं, माझ्या पडण्याची धास्ती घेतली. तसं म्हटलं, तर मान हलवून म्हणाली, "नाही. माह्या मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं परवा."

तिचं माहेर हिवरखेडचं. आई एकटीच राहते, भाऊ दूर पुण्याकडे. "मोतीबिंदू पिकला होता," ती सांगू लागली, "ताई येनार होत्या ना इथं, तर तवा मी जाऊन करून आणीन असं ठरलं होतं. ताईचं येनं रद्द झालं, म्हनून मी मायले म्हटलं, पुढं ढकल. तिनं ढकललं नाही. शेजारनीले घेऊन गेली अन् करून आली. आता डोळ्यात थेंब टाकायले कोनी नाही. स्वतःच अंदाजानं टाकते."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुमी अशा पडलेल्या."

खरं सांगते, ते ऐकून माझ्या मनात दया आधी आली नाही. आधी आलं ते हे, की आता हीसुद्धा जाईल. हिवरखेडच्या त्या बाईचं तोंडसुद्धा मला नीट आठवत नव्हतं. लग्नात पाहिलेली, हिरव्या लुगड्यातली, लाजून मागं उभी राहणारी. तिचाही मला हेवा वाटला. तिची मुलगी तिच्यासाठी माझ्या उशाशी बसून रडत होती, आणि माझी दुसऱ्याच बाईला काठी धरायला शिकवत होती. संध्याकाळचा चहा झाला, मुलगा कामावरून आला, तरी हिवरखेडचं नाव मी काढलं नाही.

पण जेवताना सून ताट घेऊन आली, तिचे डोळे सुजलेले, आणि सवयीनं म्हणाली, "आई, जेवा." तेव्हा मात्र मी ताट बाजूला सारलं. मी मुलाला हाक मारली. "उद्या सकाळच्या अकोटच्या गाडीत हिला बसवून दे. हिवरखेडला जाऊ दे. तिच्या मायच्या डोळ्यात थेंब टाकायचे आहेत."

"आणि तुझं?" मुलगा म्हणाला.

"तू रजा काढ."

सुनेनं दोनदा "नाही" म्हटलं आणि तिसऱ्यांदा बॅग काढली.

ती गेली आणि मुलानं घर हातात घेतलं. तो आठवडा सांगण्यासारखा नाही. वरणात पाणी की पाण्यात वरण, कळत नसे. मला उभं करताना तो इतका घाबरे, की मीच त्याला धीर देई. पण सकाळी मला व्यायाम करवून घेताना तो शेजारी बसून आपल्याही पायांचा तोच व्यायाम करी, आणि आम्ही दोघं हसत असू. सून रोज फोन करून आधी माझं विचारी आणि मग मागून तिच्या मायचा आवाज येई, "इहीनबाईले माहा नमस्कार सांग वं." मी नमस्कार घेत असे. बोलायला मात्र फोन मागितला नाही. तेवढं मन मोठं झालं नव्हतं.

सून परत आली, तिच्या मायनं दिलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. मी हळूहळू खरोखरच काठीवर आले. आणि मग एका रविवारी मुलगी आली. एकटी नाही. गाडी करून, सासूला बरोबर घेऊन.

फाटकापासून विहीणबाई चालत आल्या. मी मुद्दाम दारात उभी होते, काठी टेकून. दोघी काठ्या टेकून एकमेकींसमोर उभ्या राहिलो. वाकून नमस्कार करायची दोघींनाही बंदी.

"बसा ना," मी म्हटलं.

"उंच खुर्ची हाय का तुमच्याइथं?" त्यांनी विचारलं. "नाही तर माही वार्डन मले बसू द्यायची नाही." वॉर्डन म्हणजे माझी मुलगी. "लय कडक हाय बाप्पा तुमची पोरगी. पायावर पाय गेला की अशी खेकसते! तुमी मास्तरीन होत्या ना, ती शाळेतली सवय उतरली तिच्यात."

सगळे हसले. मीही हसले. पण माझ्यावर ती कधी खेकसत नाही. फोनवर माझ्याशी जपून बोलते. खेकसण्याइतकं जवळचं कोण झालं होतं, ते दिसतच होतं.

जेवणं झाली. सून आणि मुलगा स्वयंपाकघरात आवरत होते. मुलगी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "आई, जरा पाठ टेकू का?" आणि माझ्या उंच पलंगावर चढली. मी तिला तेव्हा नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती, साडीखाली कमरेचा पट्टा बांधलेला होता. सासूला उठवून-बसवून तिची पाठ धरली होती, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी केसांवरून हात फिरवते आहे तोवर ती झोपलीसुद्धा. तोंड उघडं टाकून.

विहीणबाई काठी टेकत दारात आल्या. पलंगाकडे पाहून तिथंच थांबल्या.

"झोपली काय?"

"हो."

त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या, आवाज न करता. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माह्यापाशी नाही झोपत अशी. दुपारी म्हटलं पड जराशी, तर म्हणते, नाही आई, तुमाले काही लागलं तर. तिथं तिचे डोये उघडेच राह्यतात."

मला इतका आनंद झाला, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे वळवलं. कितीतरी आठवडे जे हवं होतं, ते त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं मला दिलं होतं. आणि देताना तिचा आवाज किती बारीक झाला होता, तेही मला ऐकू आलं होतं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अकोल्याला उजेडात पोचायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

"उठवू का तिला?" मी विचारलं.

"राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "वाजवू द्या त्याले."

मी सुनेला खूण करून बाहेर पाठवलं, ड्रायव्हरला चहा दे म्हणून. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, नवे खुबे घेऊन, मुलीच्या दोन बाजूंना.