नकाशा भाऊंकडे उघडा आहे

भाऊंनी आयुष्यात एकही फाईल मिटली नाही. उघडायला मात्र सगळ्यांच्या आधी. वडगावला कचेरीमागच्या गल्लीत आमचं जमीन मोजणीचं छोटं खाजगी ऑफिस आहे. मोजणीला जाणाऱ्या प्रत्येकाकडे हातात मावेल एवढा संगणक, आणि सगळे नकाशे ऑफिसातल्या एका मोठ्या संगणकावर. बांधावर उभं राहून हातातल्या यंत्रात नकाशा उघडायचा, रेघ ओढायची आणि जपायचं बटण दाबायचं, की ती रेघ इथे माझ्या पडद्यावर उमटायची. ही व्यवस्था सांभाळायचं काम माझं, आणि त्या कामातला सगळ्यात मोठा ताप म्हणजे भाऊ. आता त्यांना ताप म्हणताना जीभ रेटत नाही, पण होते खरे.

एकाकडे नकाशा उघडा असला की बाकीच्यांना तो नुसता बघता येतो. पडद्यावर ओळ येते, ‘हा नकाशा अमुक यांच्याकडे उघडा आहे.’ आमच्याकडे अमुक म्हणजे नेहमी भाऊच. सकाळी शिरगावचा नकाशा उघडायचे, काम आटपायचे, यंत्र पिशवीत टाकून कुणाच्या तरी ओट्यावर भाकरी खायला बसायचे. इकडे त्याच नकाशासाठी दुसरी पोरं माझ्या नावानं खडे फोडत असायची. मी फोन करून ओरडायची, “भाऊ, मिटा की ती फाईल.” ते थंडपणे म्हणायचे, “ताई, घरचं माणूस भायेर असताना कडी लावत्यात व्हय? हापिसात आलो की मिटतो.” ऑफिसात आले की चहा प्यायचे आणि विसरायचे. शेवटी त्यांच्या यंत्रावर मीच मिटायची.

त्या सामायिक फोल्डरला साहेबांनी काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. भाऊ त्याला माजघर म्हणायचे, आणि बघता बघता सगळं ऑफिस म्हणायला लागलं. “माजघरात टाकलाय बघ,” असं साहेबसुद्धा म्हणायचे. नव्या पोरांना भाऊंची एकच शिकवण, “ओटीवर कुनीबी येतंय. माजघरात घरचंच माणूस. तितं दुसऱ्याच्या रेघंवर रेघ मारायची न्हाई.” कुणाची रेघ चुकलेली दिसली तरी ते पुसत नसत. शेजारी बारीकसा ठिपका ठेवायचे आणि परत आल्यावर त्या पोराला बाजूला घेऊन विचारायचे, “ठिपका बघितला का?” चारचौघांत त्यांनी कुणाचा पाणउतारा केलेला मी पाहिला नाही.

उन्हात पडदा दिसत नाही म्हणून मावशींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, यंत्राला काळ्या कापडाचं टोपरं शिवून दिलं होतं. भाऊ त्यात तोंड खुपसून रेघा ओढायचे. पोरं चेष्टा करायची, “भाऊ, बाळ झोपलं का?” भाऊ आतूनच म्हणायचे, “लय रडतंय. रेंज न्हाई.” मावळात डोंगराची एक सोंड आडवी आली की रेंज जाते. मग हा माणूस यंत्र डोक्यावर धरून टेकाडावर चढायचा.

भाऊ मूळचे वडिवळ्याचे. तिथली मोजणी त्यांनी हट्टानं स्वतःकडे घेतली होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की एक जुना हद्दीचा दगड उघडा पडतो. तो नकाशात घ्यायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या सकाळी त्यांनी वडिवळ्याचा नकाशा उघडला, रेघ धरणाकडे सरकताना मी पाहिली आणि माझ्या कामाला लागले. संध्याकाळी गावकऱ्यांना मोटारसायकल मिळाली. गाळाच्या कडेला चपला मिळाल्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. लोणावळ्याहून शोध घेणारी पोरं आली, दोऱ्या टाकल्या, होड्या फिरवल्या. भाऊ मिळाले नाहीत, टोपरं घातलेलं यंत्रही नाही.

नकाशा मात्र उघडाच राहिला. ‘हा नकाशा भाऊ यांच्याकडे उघडा आहे.’ मला यातली गोम माहीत होती. माणूस गेल्याचं यंत्राला कुणी सांगत नाही, म्हणून ते त्याची जागा धरून बसतं. एवढंच. पण पोरांना कोण समजावणार? धुक्यात बांधावर उभं राहून हातातला पडदा पेटवावा आणि त्यावर भाऊंचं नाव यावं, कुणाच्याही अंगावर काटा येईल. एकानं तर शपथेवर सांगितलं, रेघ काल होती त्यापेक्षा पुढं गेली आहे. मी त्याला झापलं. आणि तो वळल्यावर स्वतः ती रेघ तपासली.

मावशींना हे कुठून कळलं देव जाणे. त्यांचा फोन आला, “ताई, त्येंचं नाव हाय म्हनं तुमच्याकडं?” मी म्हणाले, “आहे मावशी.” मग रोज सकाळी फोन. “हाय का अजून?” “आहे.” “बरं.” एवढंच बोलणं. मी खोटं बोलत नव्हते आणि खरंही बोलत नव्हते. त्यांचा मुलगा दिवस घालायचं म्हणत होता, भटजींशी बोलून आला होता. मावशींनी त्याला निक्षून सांगितलं, हापिसात नाव आहे तोवर मी काही करू देणार नाही. तो एकदा ऑफिसात येऊन माझ्यासमोर रडला. “ताई, आई जेवत न्हाई. ते नाव तेवढं काढा.” काढणं म्हणजे दोन बटणं दाबायची. माझा हात उचलेना. साहेबही म्हणाले, गाव नकाशासाठी खोळंबलं आहे. त्यांनाही ते स्वतः करवेना, नाहीतर मला कशाला सांगितलं असतं?

शेवटी मीच मावशींना बोलावून घेतलं. मुलगा घेऊन आला. भाऊंच्या खुर्चीवर त्या बसल्या नाहीत, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, यंत्र जागा का धरून बसतं तेही. त्यांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. “म्हंजी हितं ते न्हाईत.”

“नाही मावशी.”

त्यांनी बोट हळूच उचललं. मग म्हणाल्या, “मिटा.”

मी पहिलं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला. मावशींनी तो वाचून दाखवायला लावला. ‘भाऊ यांनी केलेले शेवटचे बदल जपले जाणार नाहीत. पुढे जायचे?’

“काय जपलं जायचं न्हाई?”

“त्या दिवशी शेवटी त्यांनी जे काढलं, जपायचं बटण दाबायच्या आधीचं. ते त्यांच्या यंत्रातच राहिलं. आपल्यापर्यंत आलंच नाही.”

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. रेघ गाळाच्या कडेला येऊन थांबली होती, दगडापर्यंत पोचली नव्हती.

“त्येंच्यापाशी हाय ना?” त्या म्हणाल्या. “मग ऱ्हाऊ दे त्येंच्यापाशी. तुमी मिटा. पर सांगून मिटा. असं न सांगता नगा.”

ऑफिसातली सगळी माणसं हातातली कामं थांबवून बघत होती. साहेब दारात उभे होते. मी खुर्चीत सरळ बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भाऊ, मिटते हं.”

आणि उत्तराची वाट बघून मगच बटण दाबलं.