बडोदे ते दिल्ली, दीड तास

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या मोहना शिर्क्यांना बडोद्यातलं अख्खं मांजलपूर मोहनाबेन म्हणे. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि वीस वर्षांत तोंडपाठ झालेलं आकाश. बडोदे ते दिल्ली किती, असं कुणी विचारलं तर बाई मान वर न करता सांगणार, सरळ रेषेत आठशे किलोमीटर, हवेत दीड तास.

या धंद्यात त्या आणखी एक गोष्ट शिकल्या होत्या. घाईघाईनं तिकीट मागायला आलेला माणूस "पप्पा सिरियस छे" म्हणाला, की पप्पा बहुतेक गेलेलेच असत. पोराचा प्रवास रडत होऊ नये म्हणून घरचे तसं सांगतात. आपल्या लोकांची माया ही अशी, खोटं बोलून जपणारी! मोहनाबाई अशा माणसाला पाणी देत, मिळेल ती पहिली सीट काढून देत, आणि खरं काय ते पोटात ठेवत. त्यांचा अंदाज आजवर चुकला नव्हता, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

मग एका सकाळी दिल्लीहून उत्कर्षचा, त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. आईवडील त्याच्याकडेच राहत.

"ताई, आई सिरियस आहे. दवाखान्यात आणलंय. मिळेल त्या विमानानं ये."

आई बोलते का, एवढंसुद्धा मोहनाबाईंनी विचारलं नाही. विचारून काय होणार? बिचाऱ्याला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं.

दुपारच्या विमानात एकच जागा होती, संध्याकाळच्या विमानात हव्या तेवढ्या. नवरा, आनंदराव, बडोद्याबाहेर सावली गावच्या कारखान्यात कामावर होते, त्यांना यायला दुपार उलटणार. गेलेल्या आईकडे एकटीनं धावत जाऊन काय करायचं? त्यांनी संध्याकाळच्या दोन जागा घेतल्या आणि भावाला तसं कळवलं. आई सवाष्ण गेली, तिला लेकीची साडी हवी, म्हणून मांडवीच्या बाजारात जाऊन हिरवी साडी आणली. दुकानदारानं "कोना माटे, बेन?" कुणासाठी, एवढंच विचारलं, तर तिथंच रडू फुटलं.

दिल्लीत उतरल्यावर नवराबायको थेट दवाखान्यात गेले. उत्कर्ष दारातच उभा होता. ताईला पाहताच त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"थोडक्यात चुकली गं तुमची भेट. आत्ताच गेली आई, तास नाही झाला."

आनंदरावांनी मोहनाबाईंना धरलं.

"आत्ता?"

"दिवसभर शुद्धीत होती. सारखं तुझंच चाललं होतं, मोहना कुठवर आली, मोहना कुठवर आली. मी म्हणायचो, अगं, बडोद्याहून दीड तास, विमानात बसली की आलीच." त्यानं डोळे पुसले. "दुपारच्यात जागा नसेल ना मिळाली?"

मोहनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आनंदराव जमिनीकडे बघत होते.

"नव्हती रे," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणाली आई. म्हणाली, जागा असती तर माझी मोहना थांबली नसती."