पान एकेचाळीसवरचं घर

दिनूकाका गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची यादी करत होते. काकांचा फॉर्म आलेला नव्हता आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. चला, यंदा काकांना नाही म्हणायला नको! तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी लहान मुलासाठी वापरलेली कार सीट मिळेल का म्हणून विचारलं होतं, आणि त्याच्या खालीच काकांच्या मुलीचा, केतकीचा मेसेज होता... ‘बाबा आज सकाळी झोपेतच गेले.’ आता महिना उलटून गेलाय. ते हायसं वाटणं मात्र अजून माझा पिच्छा सोडत नाही.

आम्ही अमेरिकेत, ट्रॉयला आलो तेव्हा माझा मुलगा आठ महिन्यांचा होता आणि मला गाडी चालवता येत नव्हती. मिशिगनमध्ये गाडी येत नसेल तर माणूस घरात कोंडलेलाच. नवऱ्याच्या कंपनीतले दिनूकाका आणि सुमनकाकू हे इथले जुने लोक. काकू बाळाला सांभाळायच्या आणि दर रविवारी काका मला ड्रायव्हिंग शिकवायचे. त्यांच्या गाडीत रेडिओ कायम चालू, आणि रविवारी दुपारी त्यावर अमेरिकेतली जुनी लोकगीतं लागायची. एखादा बँजो, खरखरीत आवाज, शिकून तयार केलेला गळा नव्हे. मी वैतागून म्हणायची, “काका, ते बंद करा ना, मला लेन चेंज करायचीये!” ते आवाज बारीक करायचे. बंद कधीच नाही केला.

“मेघा, ऐक तरी,” ते म्हणायचे. “हा रूळ टाकणारा मजूर. मागच्या गाण्यातला खाणीतला होता. सगळे घरी निघालेत, पण एकजण पोचेल तर शपथ!” शेतावर राबवलेल्या गुलामांची गाणी लागली की मात्र त्यांची चेष्टा थांबायची. त्या गाण्यांतलं घर नदीपलीकडे असायचं, म्हणजे मेल्यावरच मिळणारं. काका नुसते म्हणायचे, “सिग्नल दे. उजवीकडे घे.”

या गाण्यांचं त्यांना एवढं वेड का, हे मला फार उशिरा कळलं. कुणी विचारलं की काका स्वतःला मिरजेचे म्हणवायचे, पण मिरजेत ते जेमतेम चार वर्षं राहिले होते. वडील रेल्वेत, सारख्या बदल्या, घर म्हणजे दर वेळी नवा क्वार्टर. क्वार्टर सोडताना त्यांची आई भिंतीतले खिळेसुद्धा उपटून डब्यात भरायची, पुढच्या ठिकाणी लागतील म्हणून. “त्यामुळे आमचं घर म्हणजे तो खिळ्यांचा डबा,” असं ते हसत हसत सांगायचे. मीही हसायची. मला वाटायचं, काकांचा विनोद आहे.

निवृत्त झाल्यावर ते लायब्ररीत दर गुरुवारी भरणाऱ्या गाण्याच्या मंडळीत जायला लागले. ती सगळी सत्तरीपुढची माणसं. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी गाड्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला. डोरोथी नावाच्या बाई बँजो वाजवायच्या आणि बाकीचे गोल बसून गायचे. काका एकटेच आपल्यातले. मंडळात त्यावरून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. भजनाला या म्हटलं तर काकांचे गुडघे दुखतात आणि गोऱ्या म्हाताऱ्यांत बरे जाऊन बसतात, हे वाक्य माझंच.

मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला त्यांनी फॉर्म भरला. मी सांस्कृतिक समितीची प्रमुख. आमच्याकडे या पदाचा केवढा तोरा असतो, हे परदेशातल्या मंडळात काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. फॉर्मवर लिहिलं होतं, ‘अमेरिकन लोकगीत, नऊ जण, पाच मिनिटं.’ मी फोन केला.

“काका, दिवाळीला इंग्लिश गाणी? आपल्या लोकांना आपलं काहीतरी हवं असतं हो.”

“अगं, पाचच मिनिटं दे. ऐकशील तेव्हा कळेल.”

“बरं, देते. पण पाच म्हणजे पाच हं, काका!”

मी त्यांना जेवणाआधीचा शेवटचा आयटम दिला. मंडळाच्या भाषेत याचा अर्थ काय होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी लहान मुलांचे नाच लांबले, भाषणं लांबली, आणि शाळेचं ते सभागृह आम्हाला तीनपर्यंतच मिळालेलं होतं. जेवणाची झाकणं उघडली, मसालेभाताचा वास आत आला आणि मागच्या रांगा उठायला लागल्या. मी विंगेत गेले. तिथे काका सिल्कच्या झब्ब्यात उभे, आणि त्यांच्या मागे आठ अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या. डोरोथीबाई सुमनकाकूंची मोरपिशी साडी नेसल्या होत्या. गळ्यात बँजो. दोन तास झाले, ती मंडळी तिथे उभी होती.

“काका, सॉरी, तुमचा आयटम ड्रॉप करावा लागतोय. लाइन लागलीये, कुणी ऐकायला थांबणार नाही. नेक्स्ट इयर पहिला आयटम तुमचा, प्रॉमिस.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चिडतील. चिडायला हवं होतं...

“असू दे,” ते म्हणाले. “माणसं भुकेली आहेत.” मग वळून त्यांनी त्या मंडळींना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. डोरोथीबाईंनी बँजो पेटीत ठेवला. सगळे शिस्तीत रांगेत उभे राहून जेवले, श्रीखंड फार छान झालंय म्हणाले आणि गेले. त्या धावपळीत मी त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर काका दोनदा भेटले, दोन्ही वेळा माझ्या मुलाच्या कॉलेजबद्दल बोलले. गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही सोयीस्करपणे विसरले.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी काकूंकडे गेले. केतकी त्यांना आपल्या घरी, फ्रीमाँटला घेऊन जायच्या तयारीत होती, घरभर खोकी. काकूंनी एक निळी, जाडजूड फाइल माझ्या हातात दिली. “ही लायब्ररीतल्या लोकांची. तेवढी पोचवशील? गुरुवारी दुपारी बसतात ते.” मी फाइल गाडीत टाकली. उघडूनसुद्धा बघितली नाही.

गुरुवारी देऊन लगेच निघायचं म्हणून गेले. पण डोरोथीबाईंनी मला ओळखलं आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं. ती कुणाची खुर्ची, हे विचारावं लागलं नाही. त्यांची पद्धत साधी आहे. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, सूत्रसंचालन नाही. पाळी फिरत येते, ज्याची पाळी त्याने पानाचा नंबर सांगायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं. नको असेल तर ‘पास’. पाळी माझ्यापर्यंत आली. मी ‘पास’ म्हणायच्या बेतात होते. डोरोथीबाई हळूच म्हणाल्या, “ही दिनकरची जागा. पान एकेचाळीस.”

मी फाइल उघडली. पान एकेचाळीसवर काकांचं अक्षर. वर देवनागरी, खाली तेच रोमन लिपीत. एका जुन्या, कर्त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसलेल्या गाण्याचं त्यांनी मराठी केलं होतं.

*सांगा कुणी माझ्या घराला, मी निघालोय म्हणावं,*
*पोचेन तेव्हा पोचेन, कंदील जळत ठेव म्हणावं...*

ती आठ माणसं मराठीत गात होती. कागदाकडे न बघता. ‘कंदील जळत’मधला ळ एकालाही धड येत नव्हता, पण प्रत्येकजण त्याच्यापाशी जीव तोडून थांबत होता. गाणं झाल्यावर डोरोथीबाईंनी सांगितलं, दिनकरने सहा महिने घेतले शिकवायला. तुमच्या सणासाठी. तुमच्या लोकांना सरप्राइज द्यायचं होतं त्याला.

तुमच्या लोकांना... त्या बाईंच्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकांनी आयुष्यभर ऐकलेलं परक्यांचं घर आमच्या भाषेत आणून आमच्या दाराशी उभं केलं होतं, आणि मी मसालेभात निवेल म्हणून त्यांना परत पाठवलं. खोलीतल्या सगळ्यांना ते गाणं येत होतं. एकट्या मला येत नव्हतं.

फाइल डोरोथीबाईंनी परत घेतली नाही. तुला लागेल, म्हणाल्या. आता ती माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर असते. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये गुरुवारी दुपारी मी ‘मीटिंग’ असं लिहून ठेवलंय. माझी पाळी आली की अजून ‘पास’च म्हणते, पण पान एकेचाळीस न चुकता होतं आणि आता मीही म्हणते. त्या पानाच्या कोपऱ्यात काकांनी पेन्सिलने बारीक लिहिलंय, ‘४ मि. ४० से. मेघाने पाच दिलीत.’ मी दर वेळी घड्याळ लावून बघते. वीस सेकंद उरतात.