तक्त्याखालची टीप

झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला, की तो वर्ग आठवतो. पहिल्या वर्षाची पोरं शोधनिबंधाला घाबरतात, म्हणून मी मुद्दाम जवळचाच, गंगापूरकडच्या एका गावातल्या पाण्याचा तिथल्या मुलांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो यावरचा निबंध वाटला होता. "आधी तक्ता बघा, खालच्या बारीक टिपा सोडा," मी सवयीनं म्हणालो. पंख्याखाली कागद फडफडत होते. त्याच गावची एक मुलगी मात्र टिपेवरच बोट ठेवून बसली होती. तिथं छापलं होतं, 'एक मूल मध्येच वगळले.' ती हळूच म्हणाली, "सर, वगळला नाय, वारला. माझा भाऊ व्हता. त्यांनी नावबी विचारलं नाय." मी पुढचा तक्ता समजावायला घेतला. आता निवृत्त झालोय, काहीही वाचताना आधी टिपा बघतो. पण त्याचं नाव मीही विचारलं नव्हतं.